बोंझूर, ओव्हिला!

व्हरमाँट राज्यातल्या केटल हॉलो गावात "मत कुणाला?" असं कोणी कोणाला विचारत नसे. विचारायचं काय त्यात? ओढा डोंगरावरून खाली येतो, थंडी सरता सरता मेपलचा रस झरतो आणि व्हरमाँटचं मत हत्ती चिन्हाच्या पक्षाला पडतं. लिंकनच्या वेळेपासून हे असंच चाललं होतं. दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक यायची, सारा देश कूस बदलायचा. व्हरमाँट मात्र दावणीच्या म्हाताऱ्या गाईसारखं आपल्या जागी रवंथ करत बसायचं.

समोरच्या, गाढव चिन्हाच्या पक्षाचा म्हणावा असा गावात एकच माणूस, ओव्हिला थिबो. एकोणीसशे सत्तावीसच्या पुरात गावचा पूल वाहून गेला, तेव्हा नवा पूल बांधायला सुतारांची टोळी आली, तिच्यातला हा एक. मूळचा सरहद्दीपलीकडचा, क्विबेकचा. पूल झाला, टोळी गेली, ओव्हिला राहिला. पुलाच्या तुळयांना अजून डांबर लावायचंय असं सांगून राहिला, आणि ते डांबर काही संपलं नाही. खरं कारण पुलापलीकडच्या पिवळ्या घरात, टटलांच्या ओसरीवर, सफरचंदं सोलत बसायचं. त्या कारणाचं नाव ऑर्फा.

ओव्हिला देशाचा नागरिक झाला, तेव्हा मतदाराची शपथ त्याला ऑर्फानेच शिकवली. व्हरमाँटमध्ये नुसतं वय होऊन मत देता येत नाही. हात वर करून शपथ घ्यावी लागते. ओव्हिलाची जीभ इंग्रजी शब्दांवर अडखळायची, ऑर्फा पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायची: माझं मत मी माझ्या सदसद्विवेकाला स्मरून, या राज्याच्या भल्यासाठी देईन. कोणाच्या भीतीनं नाही, कोणाच्या मर्जीखातर नाही.

"मर्जी म्हणजे काय?" ओव्हिलाने विचारलं होतं.

"म्हणजे मी गोड हसले म्हणून मत फिरवायचं नाही," ती म्हणाली आणि गोड हसली.

छत्तीस साली त्याने पहिलं मत दिलं. त्या वर्षी अख्खा देश गाढवाच्या मागे गेला. मेन आणि व्हरमाँट अशी दोनच राज्यं हत्तीची शेपटी धरून बसली. मतमोजणीत केटल हॉलोच्या पेटीतून गाढवाची एकच चिठ्ठी निघाली. ती कुणाची, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. मोजणाऱ्याने चिठ्ठी वर धरली आणि सगळं सभागृह ओव्हिलाच्या फ्रेंच भाषेत नमस्कार घालत ओरडलं, "बोंझूऽऽर, ओव्हिला!" ओव्हिलाने उठून टोपी काढून मुजरा केला. तेव्हापासून ती रीतच पडली. पुढे कधी दोन निघाल्या, कधी तीन. पण कोणाचीही असो, गाढवाची चिठ्ठी निघाली की आरोळी तीच.

छत्तीसच्या त्या मोजणीच्या दुसऱ्या दिवशी ओव्हिला धुतलेला सदरा घालून दुकानात गेला. ऑर्फाचे वडील तिथे शेगडीजवळ पाईप ओढत बसले होते. अख्खा देश माझ्या बाजूला आलाय, तेव्हा आता विचारायला हरकत नाही, अशा हिशोबाने त्याने चारचौघांत ऑर्फाला मागणी घातली. म्हातारा इतका हसला की पाईप राखेत पडला.

"देश गेला खड्ड्यात! ज्या दिवशी हे गाव गाढवाला मत देईल, त्या दिवशी घेऊन जा पोरीला. आणि तोवर दर निवडणुकीला या गावात हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला एकचाकी गाड्यात बसवून पुलापासून देवळाच्या पायरीपर्यंत ढकलायचं. आहे कबूल?"

"कबूल," ओव्हिला म्हणाला.

ऑर्फाला हे संध्याकाळी कळलं. ती दोघांवरही बरसली. "मी काय वासरू आहे, जत्रेत पैजेला लावायला? मला विचारलंत का कोणी?" बापाशी ती महिनाभर बोलली नाही. ओव्हिला ओसरीशी आला, टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "मी पक्ष बदलू का, ऑर्फा? म्हातारा खूश होईल."

"माझ्यासाठी मत बदलणारा माणूस मला नको," ती म्हणाली. "शपथ कोणी शिकवली तुला?"

तर असं झालं. तो शब्दाला बांधलेला, ती शपथेला बांधलेली. पुढे ऑर्फाच्या आईचं आजारपण आलं, मग बाप गेला. जाताना ऑर्फाच्या धाकट्या भावाला, ईबेनला सांगून गेला, "माझा शब्द सांभाळ." ईबेनने तो सांभाळला, कारण टटलांच्या घरात शब्द आणि लोणच्याच्या बरण्या टाकून देत नसत. दिवस गेले. हट्टाची सवय झाली आणि सवयीचं घर झालं. रविवारी प्रार्थना आटोपून ओव्हिला ओसरीवर कॉफीला यायचा, थंडीआधी तिची लाकडं फोडून रचून द्यायचा. दर चार वर्षांनी ईबेन गाड्यात बसायचा, ओव्हिला ढकलायचा आणि दोन्ही बाजूंनी गाव गात चालायचं:

हत्ती बसला गाड्यात गं, गाढव लावी जोर,
चार वर्षांनी हाच चढ, हाच हत्ती थोर!

ऑर्फा खिडकीतून बघायची. हसायची. मग पडदा ओढायची.

*

आता चौसष्ट साल उजाडलं होतं. ऑर्फाच्या केसांवर कायमचं दव पडलं होतं आणि ओव्हिलाचा उजवा खुबा दर पावलाला तक्रार करत होता. एकट्याने राहणं त्याला जमेना. कनेटिकटातला भाचा म्हणाला, मामा, माझ्याकडे या. ओव्हिला हो म्हणाला. निवडणूक झाली की बर्फ पडायच्या आत जायचं ठरलं. पेटी भरून दाराशी ठेवलीसुद्धा.

हे त्याने ऑर्फाला लाकडं रचता रचता सांगितलं, जणू लाकडांविषयीच बोलतोय.

"या वर्षी दोन थर जास्त रचतो. पुढच्या वर्षी कोण रचेल, ठाऊक नाही."

'थांब' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला आणि उंबऱ्याशी अडलेल्या मांजरासारखा तिथेच बसून राहिला. "कडेची लाकडं वाकडी लागलीत," ती म्हणाली.

त्याने ती निमूट सरळ केली.

आणि नेमकं त्याच वर्षी गावात काहीतरी शिजत होतं. हत्तीने या खेपेला उभा केलेला उमेदवार पार ॲरिझोनाच्या वाळवंटातला, बोलायला तडकफडक. टीव्हीवर तो बोलायला लागला की दुकानदार लायमन स्टॉडर्ड उठून शेगडीत उगाच लाकूड घालायचा. गाढवाचा माणूस टेक्सासचा. त्याची बोली तर कोणाला धड कळायची नाही. कोणी काही बोलत नव्हतं. पण न बोलण्याचेही प्रकार असतात, आणि केटल हॉलोला ते सगळे ओळखू येत.

मतदानाच्या आदल्या दिवशी थर्झा पेक ऑर्फाकडे कोंबड्या सोलायला आली. थर्झा गावची कारकून, ऑर्फाची शाळेपासूनची मैत्रीण. निवडणुकीच्या दिवशी सभागृहाच्या तळघरात बायकांनी कोंबडीच्या पाईचं जेवण घालायचं, ही जुनी चाल.

"काय गं," पिसं उपटता उपटता थर्झा म्हणाली, "तू एक मत तिकडे टाकलंस तर? एकानं काय आभाळ कोसळतंय?"

"थर्झा!"

"अगं, मी आपलं म्हटलं. लोक नवरा मिळावा म्हणून नवससायास करतात, तुला तर नुसती फुली मारायचीय!"

"तेच तर," ऑर्फा म्हणाली. "फुली राज्यासाठी मारायची असते. नवऱ्यासाठी नाही."

थर्झाने कोंबडीकडे बघून मान हलवली. "ऐकलंस का बाई? हिच्यापुढे तू सुखी."

रात्री ऑर्फाने स्वतःला विचारून बघितलं. समजा, ओव्हिला नावाचा माणूस या जगात नाहीच. मग मत कुणाला? मन म्हणालं, टेक्सासवाल्याला. लगेच दुसरं मन म्हणालं, आणि ओव्हिला आहे म्हणून तर तू असं म्हणत नाहीस ना? साय घुसळली की लोणी कुठलं आणि ताक कुठलं ते दिसतं. मनाचं तसं कुठे असतं?

*

मंगळवारी सकाळी गवतावर दहिवर पडलं होतं. ऑर्फा सभागृहात मतदानाच्या पडद्याआड गेली. इतर सगळ्या जागांपुढे तिने भराभर फुल्या मारल्या. राष्ट्राध्यक्षाच्या नावांपाशी पेन्सिल थांबली. बाहेर ओळखीची खुरडती पावलं आली. "गुड मॉर्निंग, मिसेस पेक," ओव्हिला थर्झाला म्हणत होता, "कागद दोन्ही बाजूंनी छापलाय का, की मला एकच बाजू लागते म्हणून एकच दिलात?"

ऑर्फाच्या काळजात असं काही हललं की तिने ओळखलं, हा हात आता राज्यासाठी चालणार नाही. हा हात त्या आवाजासाठी चालेल. तिने ती जागा कोरी ठेवली, कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकली. बाहेर आल्यावर ओव्हिलाने तिच्यासाठी टोपी काढली. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भाकरीपुरतं पीठ घरात असताना ते पाखरांना टाकून आल्यासारखं तिला वाटत होतं.

दिवसभर ती तळघरात पाई वाढत होती. आणि दिवसभर एक चमत्कार बघत होती. जो येईल तो, न विचारता, आपण हत्तीचे कसे पक्के हे सांगत होता.

"माझ्या आजोबांचा पाय लिंकनच्या लढाईत गेला, मिस टटल," लायमन भोपळ्याचा लगदा वाढून घेत म्हणाला. "आमच्या घरात दुसरं मत पडणं शक्य आहे का?"

"मी कुठे काय म्हटलं, लायमन?"

"नाही, मी आपलं सांगितलं." त्याने क्रॅनबेरीच्या चटणीत चुकून कॉफी ओतली.

ईबेन तर दोनदा जेवला आणि दोन्ही वेळा काही बोलला नाही. ईबेन न बोलता जेवला, की एकतर पाई बिघडलेली असते किंवा ईबेन बिघडलेला असतो. पाई तर चांगली झाली होती.

"काय झालंय रे तुला?"

"गाड्याचं चाक कुरकुरतंय," तो म्हणाला. "तेल घालून आलो. त्याला... ओव्हिलाला म्हटलं, खुबा दुखतोय, या खेपेला ढकलू नकोस, राहू दे. तर म्हणाला, पैज ती पैज."

"तोही तुझ्यासारखाच खुळा आहे."

"तिघंही आहोत," ईबेन म्हणाला आणि ताटलीत बघत राहिला.

*

दिवेलागणीला दारं लागली आणि मोजणी सुरू झाली. सगळं गाव बाकांवर. पुढे लांब टेबल. थर्झा चिठ्ठ्या उघडणार, ईबेन मोठ्याने वाचणार. ओव्हिला नेहमीच्या जागी, खिडकीशेजारी, टोपी गुडघ्यावर. ऑर्फा मागे, जिन्याच्या दाराशी, पीठ लागलेल्या एप्रनवर हात पुसत उभी.

पहिल्या काही चिठ्ठ्या हत्तीच्या. मग ईबेन थांबला. चिठ्ठी वर धरली. सभागृहाला जीव आला.

"बोंझूऽऽर, ओव्हिला!"

ओव्हिलाने उठून टोपी हलवली. खुब्यावर हात ठेवून बसला. लोक हसले. रीत पुरी झाली, आता भराभर उरकायचं.

पुढची चिठ्ठी. ईबेनने पुन्हा वर धरली.

"बोंझूर, ओव्हिला!" पुन्हा हशा. एका वर्षी तीन निघाल्या होत्याच.

तिसरी. चौथी. मग एक हत्तीची, मग लागोपाठ गाढवाच्या. ओव्हिला दर वेळी उठायचा प्रयत्न करत होता, शेवटी शेजारच्याने त्याचा सदरा धरून खाली बसवलं, "बस रे बाबा, खुबा निखळेल." आरोळी हळूहळू बारीक होत गेली. आधी तरुण थांबले, मग बायका. एकटा लायमन, आपल्यावर संशय नको म्हणून, सगळ्यात मोठ्याने ओरडत होता, "बोंझूर, ओव्हिला!" दर आरोळीला त्याचे कान थोडे जास्त लाल होत होते. मग त्याचाही आवाज बसला. उरला तो कागदांचा सळसळाट आणि ईबेनचा एकसुरी आवाज. लोक समोर बघत होते, फक्त समोर. शेजाऱ्याकडे बघायची कोणाची छाती नव्हती. आपण एकट्यानेच गुपचूप पाप केलं असं ज्याला त्याला वाटत होतं, आणि आता देवळाचं दार उघडून बघतो तर आत सगळं गाव!

"एक कोरी," थर्झा म्हणाली. "राष्ट्राध्यक्षापुढे काहीच नाही. बाकी सगळं भरलंय."

ईबेनने चिठ्ठी हातात घेतली. मग मान वर करून थेट जिन्याच्या दाराकडे बघितलं. भावाला बहिणीचं अक्षर लागत नाही. तिचं न लिहिणंही ओळखू येतं. ऑर्फाने एप्रनची कड मुठीत आवळली.

थोड्या चिठ्ठ्या गेल्या आणि थर्झाने चष्मा काढून पुसला. "आणखी एक कोरी. तशीच."

ईबेनने शेवटची चिठ्ठी ठेवली, बेरीज केली, पुन्हा केली, थर्झाकडे सरकवली. थर्झा उभी राहिली. गावाचं मंगळसूत्र तुटल्याचं सांगावं अशा आवाजात ती सुरुवात करणार होती, पण तिला हसू आवरेना.

"हत्तीला अठ्ठावन्न. गाढवाला त्रेसष्ट. कोऱ्या दोन."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "मी नव्हे हं!" लगेच दुसरा, "मीही नव्हे!" आणि बाकाबाकांवरून ते धावत गेलं: मी नव्हे, मी नव्हे, आमच्या घरातलं तर कोणीच नव्हे! लायमन हात वर करून म्हणाला, "मग त्रेसष्ट काय गाई येऊन टाकून गेल्या?" तेव्हा सभागृह जे फुटलं, ते हसण्याने फुटलं.

ईबेनने टेबलावर मूठ आपटली. "ओव्हिला थिबो, उभा राहा. त्रेसष्टातलं तुझं एक मत. उरलेल्या बासष्टांनी पुढे यावं असं मी म्हणणार नाही. पण तू तरी—"

"माझं त्यात नाही," ओव्हिला म्हणाला.

"काय?"

ओव्हिला बाकाला धरून उठला. टोपी हातात चुरगाळली, अगदी ओसरीपाशी चुरगाळायचा तशी. "कोऱ्यातली एक माझी. इतकी वर्षं मी मत दिलं, तेव्हा जिंकायची भीती नव्हती. एका मतानं काही मिळणारच नव्हतं. या वर्षी दुकानात लोकांचे चेहरे बघितले, आणि वाटलं, बाबा, हे फिरतंय. मग पेन्सिल चालेना. हात राज्यासाठी चालतोय की..." त्याने जिन्याच्या दाराकडे बघितलं. "मला शपथ जिने शिकवली, तिने फार कडक शिकवली."

ऑर्फा जिन्याच्या दारातून दोन पावलं पुढे आली.

"म्हणजे," थर्झा डोळे पुसत म्हणाली, "एवढ्या वेळा आपण बोंझूर, बोंझूर ओरडलो, त्यातलं याचं एकही नव्हतं?"

"मी म्हणूनच उठत होतो," ओव्हिला म्हणाला. "सांगायला. तुम्ही बसवत होता."

ऑर्फा हसली. पोटातून आलेलं, कुठे थांबावं हे न कळणारं हसू. आणि त्या हसण्यातूनच, अडून बसलेलं मांजर उंबरा ओलांडून सुर्रकन बाहेर आलं.

"थांब," ती म्हणाली. "ओव्हिला, तू कनेटिकटाला जाऊ नकोस. थांब इथे."

सगळं गाव तिच्याकडे वळलं. ती म्हणाली, "आणि हे पैजेमुळे नाही म्हणत. पैज मला कोणी विचारून लावली नव्हती. मी माझ्या मनानं म्हणतेय."

ओव्हिला हळूच, अगदी तिच्यापुरतं म्हणाला, "बोंझूर, ऑर्फा."

*

दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं होतं की पुलाच्या जुन्या तुळयांवरचं दहिवर वाफ होऊन उडत होतं. सगळं गाव जमलं. गाडा धुतलेला, चाकाला तेल, आत ईबेनच्या बायकोने घातलेली गोधडी. ईबेन दांडे धरून उभा. ओव्हिला गाड्याजवळ आला, बघितलं आणि म्हणाला, "मी नाही बसत. जिंकलो कुठे मी? कोरी चिठ्ठी जिंकत नसते. हिला बसव."

"मी मुळीच बसणार नाही त्या शेणाच्या गाड्यात," ऑर्फा म्हणाली आणि बसली.

ईबेनने जोर लावला. वाटेच्या दोन्ही बाजूंनी लोक चालायला लागले. जुनं गाणं कोणाच्या तोंडी येईना, शब्दच उलटे झाले होते. मग थर्झाने ठेका धरला आणि जागच्या जागी नवं जोडलं:

हत्ती लावी जोर बाई, गाढव हसे गाली,
गाड्यामध्ये बसून आमची ऑर्फा नवरी झाली!

चढ लागला. ईबेन धापा टाकू लागला. ओव्हिला काठी टेकत शेजारून चालत होता, एक हात गाड्याच्या कडेवर.

"ईबेन," ऑर्फा मागे न बघता हळूच म्हणाली, "खरं सांग. आश्चर्य वाटलं ना तुला काल?"

"त्रेसष्टातल्या बासष्टांचं वाटलं."

"आणि त्रेसष्टाव्याचं?"

"चढ आहे," ईबेन म्हणाला. "बोलवत नाही."

तिने हात मागे नेला आणि दांड्यावरच्या त्याच्या मुठीवर ठेवला. पांढऱ्या देवळाची पायरी आली. ईबेनने गाडा टेकवला, पाठ सरळ केली, घाम पुसला.

"इथवर बापाचा शब्द," तो म्हणाला. "तुमचं कॅथलिक देऊळ पलीकडच्या गावात, ओव्हिला. तिथवर मी काही ढकलणार नाही. पुढचं तुमचं तुम्ही चाला."

"चालू की," ओव्हिला म्हणाला आणि तिला उतरायला हात दिला. खुबा दुखत होता त्याचा, पण हात कसा, स्वतः बांधलेल्या पुलासारखा पक्का.

"आधी घरी," ऑर्फा म्हणाली. "तुझ्या दाराशी सामानाची पेटी भरून ठेवलीय ती रिकामी करू. आणि माझ्याकडची कडेची लाकडं तू पुन्हा वाकडी रचलीयस."